उडता येतं म्हणून मोकळा?

रविवार, रात्र

अमेरिकेतल्या मित्राचा प्रश्न कालपासून डोक्यातून जात नाहीये. तो रीतसर परवाना काढून शिकार करतो, मी करत नाही. एकमेकांचं मन वळवायचा नाद आम्ही केव्हाच सोडलाय, त्यामुळे या विषयावर मोकळेपणाने बोलता येतं. ओळखीच्या एका जमीनमालकाने त्याला रानटर्कीच्या शिकारीला बोलावलंय. जमीन चारही बाजूंनी उंच जाळीने बंद आहे, आतली हरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून. बंदिस्त हरणावर गोळी झाडायची नाही, हे त्याचं पूर्वीपासून ठरलेलं. पण टर्कीला पंख आहेत, ती जाळी ओलांडू शकते, कुणी पाळलेलीही नाही. मग तिची शिकार करायला काय हरकत आहे, असं त्याने विचारलंय.

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याला झटकन उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली काही शिकाऱ्यांना घेऊन बून अँड क्रॉकेट क्लब काढला. प्राण्याचा गैरफायदा न घेता केलेली शिकार तीच खरी, हा विचार तिथे रुजला. निसटताच येणार नाही अशा कुंपणातलं जनावर हा क्लब शिकारीच्या विक्रमांच्या आपल्या नोंदवहीत धरत नाही. ही नोंदवही मोठ्या सस्तन प्राण्यांची आहे, पक्ष्यांची नाही; पण मित्राची कसोटी तीच: निसटता येतं का? टर्कीच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘हो’ आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं.

टर्की, फेझंट, तित्तिर, लावा हे सगळे एकाच गणातले, जमिनीवर वावरणारे पक्षी. छातीचे स्नायू दणकट, पण क्षणभराच्या जोरासाठी बनलेले. भुर्रकन उठायचं, थोडं अंतर कापायचं आणि पुन्हा पायांवर यायचं. लांब उडायचं काम त्यांचं नव्हे. तित्तिर तारेपाशी आला की काय करतो, ते मी कितीतरी वेळा पाहिलंय. मान उंच करून पलीकडे बघतो, दोन पावलं मागे सरतो आणि मग तारेच्या कडेकडेने धावत सुटतो. फट सापडेपर्यंत धावतो. अगदी कुणी अंगावर आल्याशिवाय पंख उघडत नाही.

टर्कीच्या शिकाऱ्यांना तर हे पाठच असतं. वसंतात मादीचा आवाज काढून नराला बोलावतात. नर पिसारा फुलवून, ओरडत ओरडत येतो आणि मधे साधं गुरांचं कुंपण आलं तरी तिथेच अडतो. एका झेपेत पार होईल, पण होत नाही. तारेलगत येरझारा घालतो, उत्तर देत राहतो. मित्रानेच हे मला सांगितलेलं! म्हणजे जाळी टर्कीला कैद करत नसली, तरी तिची वाट ठरवते. आणि वाट ठरली की कोपऱ्यात दबा धरून बसणाऱ्याचं काम निम्मं होतं.

पिल्लांचं वेगळंच. पहिले साधारण दोन आठवडे त्यांना झाडावरच्या रातथाऱ्यापर्यंत उडता येत नाही, मादी त्यांना पंखांखाली घेऊन जमिनीवरच रात्र काढते. या दिवसांत जाळी म्हणजे त्या कुटुंबाला भिंतच. आणि जे उडतात त्यांनाही ती सुखाने जाऊ देते असं नाही. स्कॉटलंडमध्ये हरणांसाठी घातलेल्या कुंपणांना धडकून कॅपरकेली, म्हणजे टर्कीच्याच गणातले मोठे रानपक्षी, मरायला लागले. धुक्यात, कमी उजेडात, वेगाने खाली उडणाऱ्या पक्ष्याला तार दिसतच नाही. शेवटी काही ठिकाणी कुंपणं काढावी लागली, काही ठिकाणी ती दिसावीत म्हणून त्यांवर लाकडी पट्ट्या लावल्या.

तरी दुपारभर विचार करून वाटतंय की जाळी हा यातला लहान भाग आहे. मोठा भाग दाण्याचा. बंदिस्त जमिनीवर हरणांसाठी बहुतेक वेळा मका टाकलेला असतो. ठरलेल्या वेळी दाणे उधळणारी यंत्रं मिळतात, त्या आवाजालाही जनावरं सरावतात. टर्की मक्यावर येणारच. रोज त्याच जागी, त्याच वेळी पोट भरायची सवय लागलेल्या पक्ष्याला जाळी हवीच कशाला? स्थलांतरी पक्ष्यांच्या बाबतीत अमेरिकेने हे फार पूर्वी ओळखलं. १९३५ साली दाणे टाकून बदकं मारण्यावर बंदी आली, जिवंत बदक बांधून इतरांना खाली उतरवण्यावरही आली. आजही टाकलेलं धान्य पूर्ण उचलल्यावर पुढचे १० दिवस ती जागा आमिषाचीच धरतात, कारण पक्षी आठवणीने येत राहतो. टर्की स्थलांतर करत नाही, म्हणून तिला हा केंद्रीय नियम लागू नाही, तिचे नियम राज्यागणिक वेगळे. पण नियम बदलला म्हणून पक्ष्याची भूक आणि आठवण बदलत नाही.

भरतपूर आठवलं. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीतली बदकं कुठल्याही जाळीत नव्हती, हवं तेव्हा उठून जायला आकाश मोकळं होतं. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. देवळाजवळच्या दगडी फलकांवर असे आकडे कोरलेले आहेत. संस्थानिकांनी बंधारे घालून, पाणी खेळवून ती पाणथळ जागा शिकारीसाठी राखली होती. हजारो मैलांवरून आलेल्या बदकाला पाणी हवंच, ते उतरणारच. ‘उडता येत होतं’ हा बचाव तिथेही अक्षरशः खरा ठरला असता. मला तो आकडा नुसता आठवला तरी आजही राग येतो.

आणखी एक गोष्ट मित्राला सांगायची आहे, ती त्याला जास्त पटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटर्की अमेरिकेच्या बऱ्याच भागातून संपली होती. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की सोडून पाहिल्या, त्या रानात टिकल्या नाहीत. मग दाण्यावर आलेल्या रानटर्कींवर तोफेने जाळं फेकून त्या जिवंत धरायच्या आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७च्या कायद्याने वन्यजीवांकडे वळवला होता, त्याचा या कामाला मोठा आधार झाला. म्हणजे त्या जाळीतली टर्की शिकाऱ्यांच्याच पैशाने परत आलेल्या, सगळ्यांच्या पक्ष्यांची वंशज. जमीन मालकाची असेल, खांब आणि जाळीही त्याची. पक्षी त्याचा नाही. तो मित्राला स्वतःच्या टर्कीवर बोलावतोय असं दोघांनाही वाटू नये, इतकं मला नक्की वाटतं.

जाऊ नको, असं मी लिहिणार नाही. जमीन काही हजार एकरांची असेल, टर्की संध्याकाळी जाळीबाहेरच्या झाडांवर रातथाऱ्याला जात असतील, आत दाणे टाकत नसतील, तर त्याची शिकार आणि उघड्या रानातली शिकार यांत मला फार फरक करता येणार नाही. मला दोन्ही नकोच आहेत, पण तो वेगळा वाद. आणि जमीन लहान असेल, मका रोज पडत असेल, तर पक्षी उडू शकतो या एका गोष्टीवर एवढा भार टाकू नये.

सकाळी त्याला दोनच गोष्टी विचारते: तिथल्या टर्की रात्री कुठे झोपतात, आणि मका शेवटचा कधी टाकला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालकाला माहीत नसेल, तर मला वाटतं त्याने बंदूक घरीच ठेवावी.