भूमिहीन कुटुंबाचा माग : औसा, लातूर, धाराशिव, हैदराबाद

औसा तालुक्यातल्या एका शेतमजूर कुटुंबाच्या जुन्या पिढ्या शोधायला हा दौरा होता. ज्यांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, अशा घरांचा माग काढणाऱ्यांसाठी ही माहिती.

निघण्याआधी गाव त्या काळी कुठल्या जिल्ह्यात होतं ते बघा. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 ला उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवातून निघाला, हिंगोली 1 मे 1999 ला परभणीतून. म्हणून औशाचं जुनं दप्तर लातुरात नसेल तर धाराशिवला विचारायचं. दुसरी तयारी फसली सनाची, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाची. निजामी कागदांवरचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. इसवी सन काढायला फसली आकड्यात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी 591. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द करणारा कायदा 1358 फसलीचा आहे, त्यावरून हिशेब ताडून बघता येतो.

बहुतेकांचा पहिला प्रश्न जनगणनेचा. घरोघरच्या मूळ नोंदी बघायला मिळत नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 आड येतं. छापील अहवालात गावाचे आकडे आहेत, माणसं नाहीत. पण 1951 च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गाववार नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार झालं होतं. त्यात घरातली माणसं एकाखाली एक सापडतात. तहसिलीत जाऊन ‘जनगणना’ म्हणालात तर नकारच मिळेल. ‘1951 चं राष्ट्रीय रजिस्टर’ असं नेमकं नाव घ्या.

तहसिलीतच 1951 ची कुळ नोंदवही आणि 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार नोंदीचा कागद मागा. मालकाचा रकाना सोडून कसणाऱ्याचा रकाना वाचा. गरीब माणूस तिथेच भेटतो. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. बायकांचा शोध सगळ्यात अवघड, कारण त्या ‘अमक्याची बायको’ म्हणूनच येतात. त्यांच्यासाठी नवऱ्याच्या नावानं दोन्ही गावांची पुस्तकं चाळावी लागतात, सासरचं आणि माहेरचं.

आडनावावर भिस्त ठेवू नका. जुन्या कागदांत नाव, ‘वल्द’ म्हणजे बापाचं नाव, ‘साकिन’ म्हणजे राहण्याचं गाव आणि ‘कौम’ म्हणजे जात, एवढंच असतं. आडनाव पुष्कळदा शाळेत पहिल्यांदा लागलं आणि सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा वेगळी पडली. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी अंदाजानं घातलेली समजा. वयात दोन-तीन वर्षांचा फरक सहज निघतो. जातीच्या रकान्यातला शब्द आज कितीही बोचला तरी नक्कल जशीच्या तशी घ्या, नाहीतर जात पडताळणीत ती टिकत नाही.

जमीन नाही, शाळा नाही, अशा माणसाची नोंद सरकारनं दुसऱ्याच कारणानं केलेली असते. पोलिसांचं गुन्हे रजिस्टर, कारागृहातली कच्च्या कैद्यांची नोंदवही, आबकारीची ताडीची नोंदवही. घरच्यांना आधी विश्वासात घ्या. तुरुंगाच्या पानावर पणजोबा भेटणं सोपं नसतं, पण बापाचं नाव, वय, गाव आणि धंदा एकाच ओळीत मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.

नकलेसाठी गाव, तेव्हाचा तालुका, सन आणि रजिस्टरचं नाव लिहून अर्ज द्या. ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काय स्कॅन झालंय तेही आधी बघा, फेरी वाचते. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं तोंडी उत्तर आलं तर माहिती अधिकारात लेखी मागा: शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. त्यातच नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागा. गठ्ठा खरंच नष्ट झाला असेल तर त्याची नोंद असायला हवी. नोंद नसेल तर तो दप्तरखान्यातल्या कुठल्यातरी कापडी रुमालात बांधलेला असू शकतो.

हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार शेवटी ठेवा. तिथे निजाम सरकारचं दप्तर आहे, बरंचसं उर्दू-फारसीत, घसटत्या शिकस्ता लिपीत. गावाचं नाव, जहागीर होती की दिवाणी (थेट सरकारच्या ताब्यातली), आणि फसली सन हातात असल्याशिवाय गेलात तर वाटखर्च वाया जाईल. सोबत उर्दूचं जुनं हस्ताक्षर वाचणारा माणूस न्या, आणि गावचा हिशेब मोडीत असेल तर त्याचा वाचक इकडेच गाठून ठेवा.