वेशीवरचा वीरगळ वाचताना आणि धुताना

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत स्मृती टिको. खालच्या चौकटीत गाई दिसल्या, तर तो बहुधा गोधन राखताना पडलेला. शेजारी गाढवाची आकृती कोरलेला दगड असेल तर तो गधेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी. दोन्ही एकच समजू नका.

शिल्प झिजलेलं असेल तर सकाळी किंवा सूर्य कलल्यावर पाहा. तिरप्या उन्हात पुसट रेषाही उठून दिसतात. रात्री बाजूने टॉर्च धरला तरी चालतं.

धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड अजिबात नको. श्रद्धेने फासलेला ऑइलपेंट सर्वांत घातक: ओल आत अडकते, पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर कोरीवकामही जातं. सिमेंटच्या चौथऱ्यात पक्का बसवला तर खालची चौकट, म्हणजे कथेची सुरुवातच, गाडली जाते. रस्ता रुंद होणार असेल आणि दगड हलवावा लागणार असेल, तर आधी मोजमापं, फोटो आणि मूळ जागेची नोंद करा.