बैठकीची तयारी : 6 पानं, 18 फोटो

मैत्रिणींसोबतच्या स्क्रॅपबुकिंगला, म्हणजे फोटो आणि लिखाणाने अल्बमची पानं सजवण्याच्या बैठकीला, आठवडा उरला आहे. ठरलंय ते असं : 12 बाय 12 इंचांची 6 पानं, प्रत्येकावर 3 फोटो. निवडणं, मोजणं, कापणं घरीच उरकायचं; तिथे मांडणी, चिकटवणं आणि लिहिणं एवढंच. गप्पा रंगल्या की पहिली चूक मोजमापात होते, आणि नेमका त्याच रंगाचा दुसरा कागद तेव्हा जवळ नसतो.

फोटो : झाले. 16 लॅबमधून, 2 घरच्या इंकजेटवर, सगळे 4 बाय 6 इंच. छापण्याआधी प्रत्येक फाइल किमान 1200 बाय 1800 पिक्सेलची आहे ना, हे पाहून घेतलं. त्याहून लहान असेल तर 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) मिळत नाही आणि चेहरे धूसर येतात. घरी छापलेले दोन्ही फोटो जुन्या फोटोंचे स्कॅन आहेत, मूळ प्रतींना कात्री लागणार नाही. हे दोन अख्खा दिवस उघड्यावर वाळवले. शाई आतून ओली असताना प्लॅस्टिकच्या कव्हरात घातले, तर कव्हराच्या आतल्या बाजूला धुरकट थर धरतो.

मॅटिंग (फोटोमागे किनार दिसेल असा थोडा मोठा कागद, म्हणजे मॅट, लावणं) : अर्धं झालं. इथे गणित आधी करावं, कागद वाचतो. अख्ख्या 4 बाय 6 फोटोभोवती पाव सेंटिमीटरहून थोडी जास्त, म्हणजे अष्टमांश इंचाची किनार हवी असेल तर मॅट होतो 4.25 बाय 6.25 इंच. 12 बाय 12 च्या एका कार्डस्टॉकमधून (जाड कागदातून) ट्रिमरवर, म्हणजे सरळ काप घेणाऱ्या पात्याच्या साधनावर, असे 3 च निघतात. चार कोपऱ्यांत फिरकीसारखे आडवे-उभे मांडले तर 4 बसतात, पण ते काप कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात नाहीत, त्यामुळे पट्टी आणि कटर घेऊनच कापावं लागतं. त्यापेक्षा फोटोच चारही बाजूंनी अष्टमांश इंच कमी करून 3.75 बाय 5.75 करावा. मॅट मग बरोबर 4 बाय 6 लागतो आणि एका कागदातून 6 निघतात, तसूभरही वाया जात नाही. 18 फोटोंना 3 कागद पुरले, चौथा चुकीसाठी ठेवला. फक्त ज्या फोटोत डोकं कडेला टेकलंय, तो कापू नये.

पानाच्या पायाला 216 जीएसएमचा (चौरस मीटरला 216 ग्रॅम) कार्डस्टॉक, मॅटला 176. दोन्ही ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री. लिग्निन (लाकडातला घटक) असलेला कागद पिवळा पडत जातो.

कापताना मधला गाभा पांढरा असलेल्या कार्डस्टॉकच्या कडेला लव आली, तर पातं बोथट झालंय असं समजावं. जोर वाढवून उपयोग नाही, पातं बदलावं. जाड कागदावर दोन हलके हात मारलेले बरे. एकाच दमात दाबलं की कागद सरकतो. पहिला तुकडा कापल्यावर तो वेगळ्या पट्टीने मोजून पाहावा. ट्रिमरची खूण 1 मिमीने जरी खोटी असली, तरी सहाव्या तुकड्याला कागद कमी पडतो.

टेप : आणायची आहे. फोटोमागे दोन लांब बाजूंना, कोपऱ्यापर्यंत, 6 मिमीची डबल साइड टेप : फोटोमागे साधारण 29 सेंमी. मॅटला चारही बाजूंनी, म्हणजे 51 सेंमी. 18 फोटोंचे मिळून जवळपास 14.5 मीटर होतात, त्यामुळे 10 मीटरचा एक रोल पुरणार नाही, दोन हवेत. पाण्यातला गोंद मोठ्या कागदाला लावू नये. तंतू ओलावा पिऊन फुगतात आणि वाळताना सारखे आक्रसत नाहीत, म्हणून पान लाटांसारखं वाकतं. बारीक सजावटीला ठिपकाभर चालतो. फोम टेप पानावर दोन-तीन ठिकाणीच लावावी, नाहीतर अल्बम मिटताना समोरच्या फोटोवर वळ उमटतात.

प्रत्येक पानाचा माल 13 इंची झिप पाऊचमध्ये : पाया, दोन पॅटर्न पेपर, मॅट लावलेले 3 फोटो, लिहिण्यासाठी 3 बाय 4 इंचांचे 2 तुकडे. एका कागदातून असे 12 निघतात. पानाचं नाव असलेली चिठ्ठी पाऊचवर. फोटोच्या पाठीवर बॉलपेन अजिबात नको, दाब पुढे उमटतो. लिखाण पानावर थेट न करता या तुकड्यांवर केलं, की अक्षर चुकलं तर तेवढाच तुकडा बदलतो. पिगमेंट शाईचं पेन त्याच कागदाच्या कपट्यावर चालवून, मिनिटभराने बोट फिरवून पाहावं.

सामायिक गोष्टी वाटून घेतल्या आहेत : तिघींत एक ट्रिमर, हीट गन (गरम हवा सोडणारं साधन) एकच आणि तीही फोटोंपासून लांबच्या टेबलावर. सहा फुटी टेबलावर दोघीच बसतील. तिसरी बसली की पानं एकमेकींवर चढतात.

उरलेलं : 9 मॅट, टेपचे 2 रोल, ट्रिमरचं जादा पातं, आणि पीव्हीसीऐवजी पॉलिप्रॉपिलीनची 6 कव्हरं.