मिडब्रेनच्या कडेचा ठिपका

रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नाइटला बसून मी एका एमआरआयच्या ड्राफ्टमध्ये लिहिलं, ‘मिडब्रेनच्या डाव्या कडेला २ मिमीची, कॉन्ट्रास्ट घेणारी बारीक गाठ. ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.’ (मिडब्रेन म्हणजे मेंदूच्या देठाचा सर्वांत वरचा भाग; कॉन्ट्रास्ट म्हणजे काही भाग उजळ दिसावेत म्हणून टोचतात ते औषध.) पेशंट ३४ वर्षांच्या बाई, जुनी डोकेदुखी. उजवीकडे तसं काहीच नव्हतं, म्हणून मला खात्री वाटली. आपण काहीतरी पकडलं याचा आनंदही होता, खोटं कशाला सांगू.

सकाळी सरांनी ड्राफ्ट वाचला आणि एवढंच विचारलं, “हा ठिपका वर-खाली कुठे जातो ते बघितलंस का गं?”

नव्हतं बघितलं. ५ मिमीच्या जाड स्लाइसवर तो दोनदा दिसला होता, तेवढ्यावरच मी लिहून मोकळी झाले होते. सरांनी १ मिमीचा पातळ सिक्वेन्स (त्याच एमआरआयमधला चित्रांचा एक संच) उघडून दिला आणि ते चहाला गेले.

मिडब्रेनची आडवी स्लाइस मिकी माऊससारखी दिसते, हे पहिल्या वर्षीच कळतं. दोन कान म्हणजे पेडंकल, मज्जातंतूंचे दोन जाड खांब. कान जिथे डोक्याला चिकटतो तिथे बाहेरून एक बारीक खाच असते. माझी ‘गाठ’ नेमकी त्या खाचेत बसलेली. माऊसचं चाक हळूहळू फिरवत वर गेले, तर ठिपका लांबट झाला आणि पेडंकलला वळसा घालणाऱ्या एका जाड शिरेत शिरला. ही रोझेन्थालची बेसल व्हेन, पुढे मागच्या बाजूला गॅलेनच्या शिरेला मिळणारी. मग खाली आले. ठिपका पॉन्सच्या, म्हणजे मिडब्रेनच्या लगेच खालच्या भागाच्या, कडेने पेट्रोसल शिरेकडे उतरत गेला. कोरोनलवर, म्हणजे समोरून बघितल्यासारख्या उभ्या स्लाइसवर, तर सरळ उभा धागाच दिसला. लॅटरल मेसेनसेफॅलिक व्हेन, मिडब्रेनच्या कडेची नेहमीचीच शीर! उभी शीर आडवी कापली की ठिपकाच दिसणार.

पण धमनी कशावरून नाही? त्याच जागेतून पोस्टिरियर सेरेब्रल आणि सुपीरियर सेरेबेलर धमन्याही जातात. टाइम ऑफ फ्लाइट, म्हणजे वाहतं रक्त दाखवणारा सिक्वेन्स, बघितला. वरून खाली येणाऱ्या शिरांच्या रक्ताचा सिग्नल तिथे मुद्दाम दाबलेला असतो, धमन्या चमकतात. दोन्ही धमन्या आपापल्या जागी होत्या, माझा धागा गायब. एसडब्ल्यूआयवर, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेलं किंवा सांडलेलं रक्त काळं दाखवणाऱ्या सिक्वेन्सवर, मात्र तोच धागा काळा, कारण शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी. (तिथेही एकच स्लाइस बघितली असती तर मी त्याला सूक्ष्म रक्तस्राव म्हणून बसले असते!) आणि उजवी-डावी सारखी हवी हा माझा आग्रह शिरांना लागूच नव्हता. एका बाजूची ठळक, दुसरीकडची दिसतही नाही, असं सर्रास असतं.

‘गाठ’ खोडली. बाईंचा रिपोर्ट नॉर्मल गेला.

काही महिन्यांनी अचानक भयंकर डोकं दुखू लागलेले एक गृहस्थ आले. सीटीवर मिडब्रेनच्या पुढ्यात रक्त, अँजिओग्राफीत धमनीवर एकही फुगा (अॅन्युरिझम) नाही. १९८५ मध्ये वेगळा म्हणून वर्णन झालेला हा रक्तस्रावाचा प्रकार. असे पेशंट बहुधा चांगले बरे होतात. उगम शिरेत असावा असा संशय आहे, कारण यांच्यात बेसल व्हेन गॅलेनकडे न जाता भलतीकडे रिकामी होताना जास्त आढळते. या वेळी कुणी विचारायची वाट बघितली नाही. दोन्ही बेसल व्हेन टोकापर्यंत गाठल्या. उजवी गॅलेनला मिळाली. डावी मात्र त्याच ओळखीच्या खाचेतून खाली पेट्रोसल सायनसकडे, म्हणजे शिरांचं रक्त वाहून नेणाऱ्या एका नालीकडे, उतरली. रिपोर्टच्या शेवटी एका ओळीत तेवढं लिहिलं. कारण म्हणून नाही, नुसतं दिसलं ते.