बरकीच्या ओढ्यात

श्रावणात बरकीला गेलो, मी आणि माझा नववीतला भाचा. कळे, बाजारभोगाव मागं टाकलं की भातखाचरं सुरू होतात आणि समोर ढग डोंगरावर टेकलेले दिसतात. बरकी हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातलं गाव. गाडी लावली आणि ओढ्याच्या कडेनं चालू लागलो.

वाट सोपी, पण दगड शेवाळलेले. जसजसं आत जावं तशा दोन्ही बाजूंच्या कड्यांमधली जागा आवळत जाते. उजवीकडच्या काळ्या बेसाल्ट खडकावर पाण्याच्या दोरीएवढ्या कितीतरी धारा. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभा दगड आहे. तो स्पंजासारखा पाणी पितो आणि मग हळूहळू सोडत राहतो, म्हणून पाऊस उघडला तरी धारा आटत नाहीत. भाच्यानं हात लावून बघितलं. "मामा, हे पाणी गार नाही, बर्फ आहे!"

त्याच्या पोटरीवर जळू चिकटली होती. मिठाची पुरचुंडी खिशात होतीच. चिमूटभर टाकलं, गळून पडली. रक्त मात्र बराच वेळ थांबेना. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, हे सांगितल्यावर तो घाबरायचं विसरून जखमच न्याहाळत बसला.

मोठ्या धबधब्याखाली मात्र मन खट्टू झालं. दगडांच्या खाचेत बाटल्या, कुरकुरीची पाकिटं. हेच पाणी खाली खाचरात जातं हो! आम्ही पोत्यात भरतील तेवढ्या भरल्या.

परतताना गावातल्या एका मावशींनी चहा दिला, चुलीवरचा. भाचा पोतं मांडीवर घेऊनच प्यायला.