इलेक्ट्रोस्प्रे, नोंद सातवी: सुई बोथट केली

मागच्या नोंदीत स्प्रे थुंकत होता, म्हणजे सलग न उडता धक्क्याधक्क्यानं. मी व्होल्टेज वाढवत बसलो होतो, ती चूक.

नव्यांसाठी एवढंच: इलेक्ट्रोस्प्रे म्हणजे सुईतल्या द्रवाला हजारो व्होल्ट देऊन त्याचं विद्युतभारित धुकं करणं. ते धुकं एरवी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात जातं; माझ्याकडे ते नाही. ते व्हॅक्यूमचं खटलं शहापुरातल्या आमच्या माडीवर चढणार नाही. माझा खटाटोप सुईपासून समोरच्या प्लेटपर्यंतच. जॉन फेन यांना २००२ चं नोबेल याच तंत्रावर मिळालं, हे ऐकल्यापासून आई लाइट बिलाबद्दल जरा कमी बोलते.

इंजेक्शनची सुई तिरकी कापलेली असते. द्रव टोकाच्या एका बाजूला ओघळतो आणि टेलर शंकू (व्होल्टेजमुळे टोकाशी द्रवाचा होणारा टोकदार शंकू) वाकडा बसतो. उद्यमबागेत ओळखीच्या अण्णांकडे ग्राइंडिंगला घेऊन गेलो. "लोक धार लावायला येतात, तू घालवायला आलास की!" दोन मिनिटांत काटकोनात सपाट करून दिली, पैसे घेतले नाहीत. घरी २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर कडा साफ केल्या, आतून बारीक तार फिरवली. आता हिरव्या लेझरच्या उजेडात शंकू सरळ दिसतो, टोकातून धुक्याचा पिसारा. ३.२ किलोव्होल्टवर टिकतो. आधी ४ च्या पुढे जायचो, तेव्हा अंधारात टोकाशी जांभळी चमक दिसायची. तो स्प्रे नव्हे, कोरोना: टोकाभोवतीच्या हवेतूनच वीज वाहायला लागते.

द्रावण तेच: निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं डिस्टिल्ड पाणी, चमचाभर पांढरं व्हिनेगर. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण एवढा की शंकू बसायच्या आधीच ठिणगी पडते.

उरलेली थुंकी सुईत द्रव ढकलणाऱ्या पंपाची निघाली. मोटरच्या एका स्टेपला ०.०७ मायक्रोलिटर, द्रवाचा प्रवाह मिनिटाला ३ मायक्रोलिटर. म्हणजे दर १.४ सेकंदाला एक धक्का, आणि प्लेटवरची वीज मोजणाऱ्या मीटरवर डुचकीही बरोबर तेवढ्याच अंतराने! मायक्रोस्टेपिंग सोळापट केलं, म्हणजे एका स्टेपचे सोळा तुकडे केले, डुचकी जवळजवळ गेली.

विजेचा प्रवाह मोजताना मात्र महिनाभर स्वतःलाच फसवलं. प्लेटला १० मेगओमचा रेझिस्टर, त्यावर मल्टिमीटर, ०.५ व्होल्ट, म्हणून ५० नॅनोअँपिअर लिहीत गेलो. मीटरचा स्वतःचा रोधही १० मेगओमच, समांतर धरला तर ५. खरा आकडा १००. वहीतल्या जुन्या नोंदी दुप्पट करून वाचा.

पावसानं वेगळाच घोळ घातला. पंप बंद, सुई कोरडी, तरी मीटर हलतोय. लाकडी फळीच ओल धरून वीज झिरपवत होती. सुईखाली आता टेफ्लॉनचा तुकडा आहे, अण्णांच्याच भंगारातला. ऋण व्होल्टेज लावून बघायचंय, पण त्यात कोरोना आणखी लवकर पेटतो, म्हणून पाऊस उघडेपर्यंत थांबलोय.