धुऱ्यावरचं हाड

मार्चमध्ये आठ दिवस पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं शोधायला फील्डवर होतो, चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे. डायनासोर म्हटलं की लोकांना अख्खा सांगाडाच डोळ्यासमोर येतो, इथं तसलं काही नाही, पऱ्हाट्या उपटलेलं शेत असतं आणि तांबड्या मातीत विखुरलेले तुकडे. सकाळी उजाडलं की मान खाली घालून चालायला लागायचं ते ऊन असह्य होईपर्यंत. पहिले दोन दिवस मला सगळे दगडच दिसले, मग नजर बसते. हाडाच्या आत बारीक जाळी असते, शंका आली तर जिभेला लावायचं, हाड बहुतेकदा चिकटतं.

इथं डायनासोरच्या शेणाचे दगडही सापडतात, बटाट्याएवढे, काही त्याहून मोठे. 2005 मध्ये त्यातच गवताचे सिलिकाचे कण मिळाले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे कळलं, तोपर्यंत ते नंतर आलं असंच समजत होते. म्हणून मला पिसदुऱ्याची माती इतकी जीव की प्राण आहे. जवळच डोंगरगावला सांगाडा मिळालेल्या डायनासोरला तर इसिसॉरस हे नावच पडलं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून (ISI).

तिसऱ्या दिवशी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडांच्या ढिगात एक मणका दिसला, शेपटीचा, एका बाजूला खोलगट अन् दुसऱ्या बाजूला फुगीर, टायटॅनोसॉर या लांब मानेच्या मोठ्या डायनासोरचा असतो तसा. आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं, कारण ढिगातलं हाड म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. कुठल्या थरातलं, शेजारी काय होतं, काहीच सांगता येत नाही. शेतवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "वखर अडकला होता जी तिथं, तो पळस दिसते ना, त्याच्या खाली." त्यांना गोटा म्हणूनच माहीत होता पण जागा पक्की लक्षात होती! तिथं गेलो तर जमिनीत अजून एका मोठ्या हाडाची कड दिसत होती.

मग अडीच दिवस तेच. आधी जीपीएस, फोटो, वहीत उत्तर दिशा काढून स्केच, मगच सुया आणि ब्रश. हाड घट्ट राहावं म्हणून भेगांत पातळ केलेलं रेझिन सोडायचं. भोवती चर खणून हाड मातीच्या ओट्यावर ठेवायचं, वर ओला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. मागच्या वर्षी मी घाई करून हे प्लास्टरचं जॅकेट ओलं असतानाच उलटवलं होतं आणि खालचा भाग भुगा होऊन पडला, तो आवाज अजून कानात आहे. यावेळी रात्रभर वाळू दिलं. सकाळी काका स्वतः हात लावायला आले, चौघांनी धरून उलटवलं, काही पडलं नाही. प्लास्टरवर मार्करने नंबर, तारीख आणि खाली "पळसाजवळ" असं लिहिलं.

मणक्याच्या लेबलवरही तेच लिहिलंय, फक्त पुढे "काकांनी दाखवलेली जागा" एवढं जास्त.